आधी घर, मग पिल्लू

दिवाळीची सुट्टी संपवून मुले शाळेत परतली की त्यांच्या निबंधाच्या वह्यांतून एक पाहुणा हमखास डोकावू लागतो. तो तांबूस असतो, पांढरा असतो, क्वचित काळ्या अंगावर पांढरे ठिपके मिरवणारा असतो. त्याचे नाव मोती, टायगर किंवा अलीकडच्या रीतीप्रमाणे ब्रूनो असते आणि तो ‘फारच गोड’ असतो. आम्हां कोंकणी बोलणाऱ्यांच्या घरांत त्याला ‘सुण्याचें पील’ म्हणतात. पावसाळा सरल्यावर गावठी कुत्र्यांना पिल्ले होतात. त्यामुळे तो याच दिवसांत घरोघर अवतरतो, यात नवल नाही. खेद वाटतो तो पुढच्या भागाचा. वार्षिक परीक्षेच्या सुमारास त्याच मुलांकडे त्या पाहुण्याची चौकशी करावी, तर उत्तरे चाचरत येतात. ‘मामाच्या गावी पाठवला.’ ‘कुठे गेला कळलं नाही.’ ‘बाबांनी मासळीबाजाराजवळ सोडला, तिथे त्याला खायला मिळतं.’ बाजारात मासळी असते हे खरे. परंतु त्या मासळीवर पूर्वीपासून हक्क सांगणारी दहा थोराड कुत्री तेथे असतात आणि रस्त्यावरून वाहनांची रांग चाललेली असते, हे मात्र कोणी बोलत नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या पिल्लाच्या हौसेवर विरजण घालण्यासाठी मी हे लिहीत नाही. कुत्र्यासारखा सोबती लाभणे हे भाग्यच आहे. परंतु पिल्लू घरी आणण्याची जी पद्धत आपल्याकडे रूढ झाली आहे ती उलटी आहे. आधी पिल्लू येते, मग त्याला बांधावयास दोरी शोधली जाते, मग आजारपण आल्यावर गुरांच्या दवाखान्याचा पत्ता विचारला जातो आणि शेवटी घरात वाद होतो. हा क्रम उलटा फिरवला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे.

पालकांपैकी पुष्कळांचा एक आवडता युक्तिवाद आहे. ‘पिल्लू आणले म्हणजे मुलाला जबाबदारी कळेल.’ ऐकावयास हा विचार मोठा सात्त्विक वाटतो. मला तो मुळीच मान्य नाही. पाढे चुकले तर खोडरबर आहे, नकाशा बिघडला तर दुसरा कागद आहे. जबाबदारीच्या या विषयात मात्र मूल नापास झाले तर शिक्षा पिल्लाला होते. दहा-बारा वर्षांच्या मुलाने आरंभीचा उत्साह ओसरल्यावर कंटाळणे हे त्याच्या वयाला धरूनच आहे. त्यात त्याचा दोष नाही. दोष असलाच तर एका जिवाला धड्याचे साधन समजणाऱ्या मोठ्यांचा. मुलाने मदत अवश्य करावी, पण घरातील एका तरी प्रौढ माणसाने ‘हे पिल्लू माझे’ असे मनोमन म्हटल्याखेरीज ते उंबरठ्याच्या आत येऊ नये.

सोडून दिलेल्या पिल्लाचे पुढे काय होते याविषयी कोणाची भाबडी समजूत असेल, तर बंगालमधील एक अभ्यास डोळे उघडणारा आहे. कोलकात्याजवळच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी रस्त्यावर जन्मलेल्या ३६४ पिल्लांचा मागोवा घेतला आणि २०१६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभरांपैकी केवळ १९ पिल्ले वयात येईपर्यंत जगली. जी मेली, त्यांच्यातील निम्म्याहून पुष्कळ अधिक माणसांमुळे मेली. कोणी वाहनाखाली, कोणी मारहाणीने वा विषाने, तर कोणाला माणसांनी उचलून नेले म्हणून. ही पिल्ले तर रस्त्यावरच जन्मलेली, आईच्या जवळ वाढलेली. घरातील भात खाऊन चार महिने वाढलेले पिल्लू तेथे किती दिवस टिकेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

तेव्हा पहिली तयारी माणसांची. सकाळी त्याला बाहेर कोण नेणार? दुपारी घरात कोण असते? मे महिन्यात सगळे कुटुंब आजोळी गेले म्हणजे ते कोणाकडे राहणार? भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाची संमती आहे काय? हे प्रश्न जेवणाच्या वेळी सर्वांसमक्ष विचारावेत. मी एक सोपी कसोटी सुचवितो. पिल्लू आणण्यापूर्वी एक महिनाभर, ज्याने सकाळचे काम पत्करले असेल त्याने साडेपाच वाजता उठून अर्धा तास फिरून यावे, आणि परत आल्यावर परसाचा एक कोपरा झाडून काढावा. रविवारही त्यात आला. महिना पुरा झाला तर पिल्लू खुशाल आणा. तो आठवड्यातच मोडला, तर कोणाचेही नुकसान न होता सत्य कळले असे समजा.

घरात आजी असेल तर तिला वगळून हा निर्णय घेऊ नये. देवघराजवळ पिल्लाचे पंजे उमटतील, सोवळ्याचे काय होईल, ही तिची काळजी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. देवघराच्या दाराला गुडघाभर उंचीची फळी लावली की तो प्रश्न सुटतो. आमच्याकडे पाहण्यात असे येते की, जी आजी आरंभी सर्वांत मोठ्याने नको म्हणते, तीच पुढे दुपारच्या वेळी त्याला हाक मारून जेवू घालते. मात्र ती कृपा तिने आपण होऊन करावी, आपण ती गृहीत धरू नये.

आता पिल्लू कोणते आणावे? या बाबतीत माझे मत अगदी ठाम आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत सायबेरियातील हस्की आणून पंख्याखाली निजविणे याला प्राणिप्रेम म्हणता येत नाही. बर्फावर गाडी ओढण्यासाठी ज्याच्या अंगावर निसर्गाने व माणसाने दुहेरी लोकर चढविली, त्याने मे महिन्यात फोंड्याला वा मडगावला धापा टाकाव्यात ही शोभा नव्हे. आपले गावठी कुत्रे या हवेतच घडलेले आहे. त्याचे केस आखूड, अंग चपळ, आणि शहाणपण तर असे की मास्तरांनाही हेवा वाटावा. ते हजारो रुपये मोजून आणावे लागत नाही. ते वाचलेले पैसे लशींवर आणि पुढे नसबंदीवर खर्च करावेत.

वयाचा प्रश्न याहून महत्त्वाचा. तीन-चार आठवड्यांचे पिल्लू हातात मावते, म्हणून मुलांना तेच हवे असते. परंतु त्याचे डोळे उघडून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. आठ आठवडे पुरे होईपर्यंत त्याला आईपासून तोडू नये. सरकारच्या २०१७ सालच्या श्वान-प्रजनन व विक्रीच्या नियमांनीही आठ आठवड्यांखालील पिल्लाची विक्री निषिद्ध ठरविली आहे. हा केवळ दुधाचा प्रश्न नाही. भावंडांशी झोंबताना चावा जोरात बसला की दुसरे केकाटते आणि खेळ थांबतो. दात किती लावावा हे पिल्लू अशा रीतीने शिकते. जे पिल्लू या शाळेतून लवकर काढले जाते, त्याला तो धडा आपल्या बोटांवर द्यावा लागतो.

यानंतर घराकडे वळावे. घर तपासण्याचा उत्तम मार्ग म्हणजे गुडघ्यांवर बसून, पिल्लाच्या उंचीवरून ते पाहणे. मोठ्या माणसांना हे जरा अवघड जाईल, पण मुलांना फार आवडेल. त्या उंचीवरून पलंगाखालची विजेची तार दिसते, कपाटामागे उंदरांसाठी ठेवलेले विष दिसते, न्हाणीतील साबण आणि कपडे धुण्याची भुकटी दिसते. बाहेर कठडा नसलेली विहीर, पडवीच्या उंच पायऱ्या, फाटकाच्या दोन गजांमधील फट. जेथून पिल्लाचे डोके जाते तेथून ते सगळेच जाते. परसात कण्हेर असेल तर तिच्या सर्व अंगांत विष आहे, हे ध्यानी धरून तेवढ्या जागेस कुंपण घालावे. आणखी एक गोष्ट आवर्जून विचारावी. या आवारात मागे एखादे पिल्लू रक्ताच्या जुलाबाने मेले होते काय? तसे असेल तर तो बहुधा पार्व्हो विषाणूचा रोग. १९७८ च्या सुमारास प्रथम ओळखला गेलेला हा विषाणू मोठा चिवट आहे आणि सावलीतील मातीत तो अनेक महिने जिवंत राहतो. अशा घरात लस न टोचलेले पिल्लू आणणे म्हणजे त्याला त्याच खड्ड्याकडे नेणे. फरशी ब्लीचच्या पाण्याने धुता येते, माती धुता येत नाही. म्हणून तेथे लशींचा क्रम पुरा झालेले थोडे मोठे पिल्लूच आणावे.

दुकानदारांनी पिल्लाच्या संसाराची यादी आता फार लांबविली आहे. त्यात गादी, पलंग, सुगंधी फवारा, पावसाळी झगा आणि वाढदिवसाची टोपीसुद्धा असते. यांपैकी बहुतेक वस्तू पिल्लासाठी नसून मालकाच्या समाधानासाठी असतात. खरी गरज थोडक्यात भागते. सहजी न उलटणारी दोन जड भांडी, एक पाण्याला व एक जेवणाला. धुवून वाळविता येईल असे गोणपाट आणि त्यावर आजीच्या जुन्या सुती लुगड्याची घडी. एक मऊ पट्टा, ज्याच्या आत आपली दोन बोटे सहज जावीत, आणि त्यावर दूरध्वनी क्रमांक. पिल्लू वाढते पण पट्टा वाढत नाही, म्हणून तो दर आठवड्यास तपासावा. फिरविण्यासाठी एक साखळीऐवजी कापडी दोर. एक मोठे खोके, ज्याची एक बाजू कापून दार केले आहे. आणि चावण्यासाठी काहीतरी. कुत्र्याला दुधाचे दात २८ असतात आणि चौथ्या महिन्यापासून ते पडून कायमचे ४२ येऊ लागतात. त्या काळात त्याच्या हिरड्या शिवशिवतात. जुन्या जाड कापडाच्या गाठी मारून, भिजवून, गार करून दिल्या तर ते तासभर रमते. न दिल्या तर वडिलांची चप्पल आहेच, आणि त्या वेळी अपराधी कोण, याचा विचार चप्पल उंच ठेवण्याचे काम ज्याचे होते त्याने करावा.

अन्नाविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण येथे प्रेमच घात करते. आपल्याकडे पिल्लाला पहिल्या दिवशी वाटीभर गाईचे दूध देतात. पुष्कळ पिल्लांना ते पचत नाही व जुलाब होतात. ते पूर्वी जे खात होते तेच पहिले काही दिवस द्यावे आणि आठवडाभरात हळूहळू बदल करावा. चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे जेवण हवे. नुसती पेज किंवा भात पुरेसा नाही. वाढत्या अंगाला उकडलेले अंडे, काटे पूर्ण काढलेली मासळी, हाडांवेगळी कोंबडी यांची जोड पाहिजे. शिजवलेल्या कोंबडीचे हाड फुटून त्याच्या अणकुचीदार सळ्या होतात, त्या आतड्यात रुततात. हुमणाची उरलेली आमटी भातावर ओतून देण्याची आपली सवय सोडली पाहिजे, कारण कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. चॉकलेट विषारी आहे, हे आता पुष्कळांना ठाऊक असते. द्राक्षे, बेदाणे आणि मनुका यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे फारसे ठाऊक नसते. चतुर्थीच्या दिवसांत बेदाणे घातलेली नेवरी प्रेमाने पिल्लापुढे टाकणारे हात मी पाहिले आहेत. संत नामदेवांची कथा आपण सर्व जाणतो. कुत्र्याने कोरडी भाकरी पळविली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. त्या धावण्यातील भूतदया आपण घ्यावी. तुपाची वाटी मात्र आजचा पशुवैद्य हातातून काढून घेईल. आणि माणसाच्या तापाच्या वा दुखण्याच्या गोळ्या पशुवैद्याने सांगितल्याशिवाय त्याला कधीही देऊ नयेत.

ज्या एका वस्तूवाचून पिल्लाने घरात पाऊल टाकू नये, ती वस्तू म्हणजे लशीचे कार्ड. ते कोरे असले तरी चालेल, पण पशुवैद्य कोण आणि पहिली तारीख कोणती हे आधी ठरलेले असावे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात डिस्टेंपर, पार्व्हो इत्यादी रोगांविरुद्धची पहिली लस, आणि पुढे दर तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा, सोळा आठवडे होईपर्यंत. एकदा टोचल्यावर पुन्हा का, असे विचारून पुष्कळ जण दुसऱ्या खेपेस जात नाहीत. कारण असे की, आईच्या पहिल्या दुधातून मिळालेली प्रतिद्रव्ये पिल्लाचे रक्षण करतात खरी, पण तीच लशीलाही काम करू देत नाहीत. ती कोणत्या आठवड्यात संपतील हे बाहेरून कळत नाही, म्हणून टप्प्याटप्प्याने टोचावे लागते. जंतांचे औषध तर पहिल्या तीन महिन्यांत दर पंधरवड्यास द्यावयाचे असते. रेबीजची लस साधारणतः तीन महिन्यांच्या वयात, आणि त्यानंतर पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे.

रेबीजविषयी गोव्याला अभिमान बाळगावा असे काही आहे. २०१४ पासून मिशन रेबीज या संस्थेने सरकारच्या साहाय्याने येथे गावोगाव कुत्र्यांना लस टोचण्याचे काम चालविले, शाळाशाळांतून मुलांना माहिती दिली, आणि २०२१ साली गोवा हे रेबीज-नियंत्रित क्षेत्र असल्याचे राज्य सरकारने जाहीर केले. देशात असे जाहीर होणारे हे पहिले राज्य. पण ही ढाल एकदा घडवून भिंतीवर टांगून ठेवण्यासारखी नाही. दर वर्षी जी नवी पिल्ले जन्मतात त्यांच्या अंगी कोणतीही लस नसते, आणि तीच पिल्ले मुलांच्या हातांत सर्वांत जास्त असतात.

म्हणून मुलांनो, पुढील ओळी नीट वाचा. पिल्लाचा दात लागला, नखाने ओरखडा निघाला, किंवा त्याने जखमेवर चाटले, तर ते लपवू नका. ‘सांगितले तर आई रागावेल आणि पिल्लू सोडून देतील’ या भीतीने गप्प राहणारी मुले असतात, हे शिक्षक या नात्याने मी जाणतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मग माणूस वाचत नाही. मात्र वेळेवर उपचार घेतले तर हा रोग टाळता येतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. पोटात चौदा सुया टोचतात ही आजोबांच्या काळची गोष्ट झाली. ती लस आपल्या देशात सुमारे वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आता मोजक्या सुया दंडावर घ्याव्या लागतात, आणि कातडी फाटून रक्त आले असेल तर जखमेभोवती आणखी एक औषध टोचतात. आणि पालकांनो, तुम्ही आजच मुलांना वचन द्या की, चावल्याचे सांगितले म्हणून पिल्लू सोडून दिले जाणार नाही. तुमचे हे वचन लशीइतकेच उपयोगी पडेल.

लशींचा क्रम संपेपर्यंत भटकी कुत्री हिंडतात त्या जागी पिल्लाला जमिनीवर सोडू नये. म्हणून त्याला कोंडून ठेवावे असा मात्र अर्थ नाही. अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी पिल्लांवर दीर्घकाळ प्रयोग करून १९६५ साली जो ग्रंथ लिहिला त्यात असे दाखविले की, तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या दरम्यान पिल्लाला जे भेटते ते त्याला आपले वाटू लागते. जे त्या वेळी भेटत नाही त्याचे भय पुढे जन्मभर राहू शकते. तेव्हा त्याला कडेवर घेऊन बाजार दाखवावा. छत्री, सायकल, टोपीवाला मनुष्य, दाढीवाला मनुष्य, देवळातील घंटा, सारे काही दुरून व धीराने. दिवाळीच्या पहाटे नरकासुराचे दहन होते तेव्हाचे फटाके व कर्णकर्कश संगीत यांना मात्र कोणतेही पिल्लू सरावत नाही. त्या रात्री आतल्या खोलीत त्याच्याजवळ कोणीतरी बसले पाहिजे. ती रात्र दारूच्या आवाजाने पळून हरवलेल्या कुत्र्यांची रात्र असते.

त्याला दिवसभर बांधून ठेवण्याचा बेत असेल तर आणूच नये. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० सालचा आहे. जनावरास अवाजवी आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधणे, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरावयास न नेणे आणि कारणावाचून जनावर टाकून देणे या तिन्ही गोष्टींना तो क्रूरताच म्हणतो. आपल्या आळीत हिंडून पाहिल्यास यांतील प्रत्येकीचे उदाहरण सापडेल आणि त्या घरांतील माणसे एरवी सज्जन असतात, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

महाभारताच्या आदिपर्वात, जनमेजयाच्या यज्ञाच्या जागी एक पिल्लू येते. राजाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आपल्या आईकडे, सरमेकडे, जाते. त्याने हवि चाटले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. सरमा राजसभेत येऊन विचारते, माझ्या मुलाचा अपराध काय? कोणापाशीही उत्तर नसते. घरात ओले केल्याबद्दल पिल्लाला फटका मारणाऱ्या प्रत्येकाला मला हा प्रश्न विचारावासा वाटतो. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपेक्षा अधिक वेळ धरवतच नाही. त्याचे नाक त्यात घासल्याने ते एवढेच शिकते की, माणसाच्या देखत हे करावयाचे नाही, पलंगाखाली जाऊन करावयाचे. झोपून उठल्याबरोबर, जेवल्याबरोबर, खेळ संपल्याबरोबर त्याला ठरलेल्या जागी न्यावे. काम झाले की त्याच क्षणी शाबासकी द्यावी. घरात झाले तर मुकाट्याने पुसून घ्यावे.

पहिल्या रात्री ते रडणार. काल रात्रीपर्यंत चार भावंडांच्या उबेत झोपलेले ते पिल्लू आज एकटे आहे. त्याला दूर पडवीत ठेवून दार लावू नये. खोके आपल्या अंथरुणाशेजारी ठेवावे, आईच्या जागेवरचे एखादे फडके मिळाले तर तेही आत घालावे, आणि रडू आले तर हात खाली सोडावा. रात्रीतून दोनदा त्याला बाहेर न्यावे लागेल आणि पहाटे पुन्हा एकदा. त्या दोन खेपा कोणाच्या आणि पहाटेची कोणाची, हे दिवा मालविण्यापूर्वी ठरवून, ज्याची पहिली पाळी असेल त्याच्या उशाशी गजराचे घड्याळ व बॅटरी ठेवावी.